शटरखालून दिसलेले पाय

चिखलीत शटरं काय कमी आहेत? दुकान तिथं शटर! पण वर्षाचे बारा महिने ज्याची नाडी पाहिली जाते असं शटर अख्ख्या तालुक्यात एकच, आणि ते आपल्या दारात आहे, असं शालिग्रामभाऊंचं ठाम मत होतं. हे मत ते कुणालाही, न विचारता देत.

"शटर म्हंजे लेकरू हाय, लेकरू!" ते दूधवाल्याला सांगत. "उन्हाळ्यात पुसा, पावसाळ्यात तेल लावा, हिवाळ्यात कान देऊन आयका. नाहीतर एक दिवस डोक्यात पडते!"

"माह्या म्हशीले बी एवढंच लागते, भाऊ," दूधवाला म्हणायचा. "पर ते दूध देते."

आधीच सांगून टाकलेलं बरं. ही गोष्ट शटरची दिसत असली तरी पणाला लागलं आहे ते अर्पिताचं लग्न. अर्पिता म्हणजे शालिग्रामभाऊंची एकुलती एक लेक, शाळेत शिकवते. डोणगावच्या कुलदीपशी तिचं मन जुळलं आहे. तो औषधांच्या दुकानात बसतो, पोरगा सरळ आहे. दोन्हीकडच्या बापांनी 'हो' म्हणायचं तेवढं बाकी. आणि शालिग्रामभाऊंचा 'हो' कधीच पुरता बाहेर यायचा नाही. 'ह' यायचा, 'ओ' आत राहायचा.

कारण माणूस संशयी!

त्यांचाही दोष नाही. बाजार समितीत निरीक्षक होते. सोयाबीनच्या पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, तळातला दाणा काढायचा, दाताखाली धरायचा आणि 'ओला' की 'सुका' ते सांगायचं, यात सगळी नोकरी गेली. त्या नोकरीत त्यांना एकच ज्ञान झालं: वर दिसतो तो देखावा, खरा माल तळाला. मग हे ज्ञान त्यांनी घरी आणलं. पेढ्यांचा पुडा ते उलटा करून उघडत. पेपर शेवटच्या पानापासून वाचत. पुष्पाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदा नुसतं म्हटलं, "आज तुमी बरे दिसून राह्यले," तर दिवसभर विचारत होते, "काऊन? काय पाह्यजे तुले?"

उन्हाळा

हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. म्हणून गाडीच्या खोलीला मोटरचं शटर बसवलं. बसवलं नागसेननं. मेहकर रोडला त्याचं वर्कशॉप. हा इतका बोलायचा, की पहिली मोटर त्यानं स्वतःच्या तोंडाला बसवली असावी असं वाटे.

"आयका भाऊ," नागसेन म्हणाला, "दोन्ही बाजूच्या खाचा कोरड्या कापडानं पुसाच्या. तिथं तेल बिलकुल नाही! तेल लावाचं फक्त वरच्या स्प्रिंगले, अन् तेही मी देतो तेच. स्प्रिंगच्या नटाले हात लावाचा नाही, सुटला त हात जाईन. खाली हे दोन डोळे हाय, मधात कोनी आलं त शटरले थांबवतेत, ते पुसत राहाचे. अन् महिन्यातून एकदा खाली ही फळी ठेवून शटर सोडाचं. फळीले टेकलं की वर गेलं पाह्यजे. नाही गेलं त मले फोन."

बाकी सगळं शालिग्रामभाऊंनी ऐकलं. फळीपाशी त्यांचा कान अडकला.

"फळी तुह्याच वर्कशॉपची काऊन?"

"मंग कोनाची आणू, भाऊ?"

"म्हंजे शटर बी तुहं, फळी बी तुही. ओळखीचे हाय दोघं!"

नागसेननं इतक्या वर्षांच्या धंद्यात शटरची आणि फळीची ओळख असते हे पहिल्यांदा ऐकलं. 

पण शालिग्रामभाऊंचं म्हणणं असं: तारीख सांगून केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे! निरीक्षक मंगळवारी येणार हे कळलं की मंगळवारी अख्ख्या बाजारात ओला दाणा औषधालाही सापडत नाही. म्हणून शटरची परीक्षा अचानक घ्यायची आणि अनोळखी वस्तूनं घ्यायची. एकदा उशी ठेवली. शटर टेकलं, वर गेलं. एकदा पपई ठेवली. टेकलं, वर गेलं. मग त्यांना वाटलं, आता शटर सावध झालं आहे.

त्या दिवशी पुष्पाबाईंनी दारासमोर कुरडया वाळत घातल्या होत्या. शालिग्रामभाऊंनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, कुरडयांच्या प्लास्टिकचं एक टोक हळूच शटरखाली सरकवलं आणि बटण दाबलं.

शटरच्या डोळ्यांना कुरडई दिसली नाही, कारण डोळे वीतभर उंचीवर आणि कुरडई जमिनीला चिकटलेली. शटर आलं, जमीन समजून टेकलं आणि निवांत बसलं. कर्रर्र!

पुष्पाबाई लाटणं घेऊन बाहेर आल्या. "काय मोडलं?"

"काही नाही. परीक्षा घेऊन राह्यलो."

पुष्पाबाईंनी शटरखालचं पीठ पाहिलं. "परीक्षा शटरची होती न जी? मंग नापास माह्या कुरडया काऊन झाल्या?"

पावसाळा

पावसाळ्याच्या तोंडावर नागसेननं तेलाची बाटली आणून दिली. शालिग्रामभाऊंनी झाकण उघडून वास घेतला, बोटावर थेंब घेतला, उन्हात धरला.

"हे कशाचं?"

"स्प्रिंगचं."

"स्प्रिंगपासून काढते काय?"

तेल सांगणारा तोच, तेल विकणारा तोच! बाटली त्यांनी कपाटावर ठेवून दिली. तेल कसं पाहिजे? डोळ्यांदेखत काढलेलं पाहिजे! मग ते घरचं जवस घेऊन अमडापूरला गेले, ओळखीच्या घाण्यासमोर स्टूल टाकून बसले आणि शेवटचा थेंब डब्यात पडेपर्यंत उठले नाहीत. घाणेवाला लघवीला गेला तर हेही उठून दारात उभे राहिले, तो परत येताना हातात काही आणतो की काय हे पाहायला.

आता जवसाचं तेल म्हणजे अमृतच. चटणीवर घ्या, भाकरीवर घ्या. पण एक आहे. पातळ लावून हवेवर ठेवलं की ते वाळतं, चिकट पापुद्रा धरतं आणि मग सुटता सुटत नाही. म्हणून तर रंगवाले ते रंगात घालतात. चिखलीतल्या कुठल्याही रंगवाल्यानं ही गोष्ट फुकटात सांगितली असती. पण रंगवाल्यावर शालिग्रामभाऊंचा विश्वास नव्हता.

आणि ते तेल त्यांनी लावलं कुठं? बाजूच्या खाचांत! का? तर नागसेन म्हणाला होता, तिथं बिलकुल लावायचं नाही म्हणून. जिथं लावू नको म्हणतो तिथंच याची काहीतरी भानगड असणार!

पहिले काही दिवस शटर असं चाललं, की रेशमाची साडी घडीतून सुटावी. शालिग्रामभाऊंनी मुद्दाम नागसेनला फोन केला.

"आवाज बी नाही येऊन राह्यला आता! तुह्या तेलाबिगर!"

"काय लावलं, भाऊ?"

"ते नाही सांगत!"

हिवाळा (यात मिशी जाते)

डोणगावहून निरोप आला: अमुक दिवशी घर पाहायला येतो. मुलगा कुलदीप, त्याचे वडील भगवानराव, आई सरस्वतीबाई. भगवानरावांची धान्याची अडत. सगळं मनासारखं झालं तर तिथंच साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढू.

पण पाहुणे आपलं घर पाहणार म्हणजे आपण त्यांचं आधी पाहिलं पाहिजे, तेही तळातून! शालिग्रामभाऊ कुणाला न सांगता डोणगावला गेले आणि न्हाव्याच्या दुकानात बसले. गावाची खरी बातमी न्हाव्याकडं. पण न्हावी निघाला मितभाषी. त्याला बोलतं करायला शालिग्रामभाऊंनी दाढी केली. तो बोलेना. केस कापले. तो बोलेना. शेवटी स्वतःच आपल्या शटरचं पुराण लावलं, म्हणजे गप्पांना तोंड फुटेल. न्हाव्यानं ते पुराण मन लावून ऐकलं, आणि आता आणखी काय करायचं बाकी आहे, तर मिशी, म्हणून तीही घेतली.

घरी आल्यावर पुष्पाबाई दचकल्या. "मिशी कुठं गेली?"

"चौकशीत गेली."

"अन् समजलं काय?"

"सगळे चांगलंच सांगतेत," शालिग्रामभाऊ काळजीनं म्हणाले. "एकही खोट नाही. इतकं चांगलं असते काय कोनी? काहीतरी हाय!"

अर्पिता दारात उभी राहून हे ऐकत होती. "बाबा," ती म्हणाली, "खोट सापडली तर लग्न नाही अन् नाही सापडली तरी लग्न नाही. मग मी करू काय?"

शालिग्रामभाऊंना पहिल्यांदा थोडं वाईट वाटलं. त्यांनी तो दिवस संशय न घेता काढायचा प्रयत्न केला. संध्याकाळपर्यंत टिकला.

पाहुण्यांसाठी घर धुतलं, शटर पुसलं. पुन्हा मळू नये म्हणून पाहुणे येईपर्यंत ते उघडायचंच नाही असं ठरलं. म्हणजे ते बिचारं जवसाचं तेल थंडीत, बंद शटरच्या खाचांत, कुणी हलवायला नाही, काही नाही, शांतपणे आपलं काम करत राहिलं.

पाहुणे

पाहुणे जीपमधून उतरले. शालिग्रामभाऊ हात जोडून पुढं झाले आणि भगवानरावांचा चेहरा पाहून त्यांचे जोडलेले हात सुटले.

हा माणूस त्यांनी पाहिला होता! बाजार समितीत. भरून आणलेलं सोयाबीन, वरचा दाणा खणखणीत, तळाचा दाणा दाताखाली धरला तर चिखल. आपण तेव्हा तिथं नवे, हमालाकडून सांगून पाठवलं होतं, "ओला! परत न्या." अख्खा ट्रक परत गेला होता डोणगावला.

ते सरळ स्वयंपाकघरात गेले. "घात झाला! याचा माल म्या परत लावला होता!"

"मंग? त्यायनं ओळखलं काय तुमाले?"

"ओळखलं असन. दाखवून नाही राह्यला. आता हा बदला घेते. चहा पिईन, घर पाहीन अन् जाता जाता म्हणीन, पोरगी नापसंत. परत ठेवा!"

"चहा न्या," पुष्पाबाई म्हणाल्या. "अन् तोंड बंद ठेवा. एवढं एक काम करा आज!"

इकडं भगवानराव भिंतीवर बोटानं टकटक करून पाहत होते. नळ सोडून पाहिला, पाणी किती वेळ येतं ते. दिवाणावर बसायच्या आधी गादी उचलून खाली काय आहे ते पाहिलं. शालिग्रामभाऊंना घाम फुटला. बदला सुरू झाला होता!

"पोरीशी बोलूच," भगवानराव म्हणाले. "पहिले ते शटर दाखवा. लय आयकलं त्याचं."

"कोनापासून?"

"आमच्या गावच्या न्हाव्यापासून."

शालिग्रामभाऊंचा हात आपोआप ओठावर गेला. तिथं काही नव्हतं.

सगळी मंडळी दारात आली. बटण दाबलं. शटर उठलं, पण कुरकुरत, पापड मोडत मोडत. "थंडीचं असते असं," शालिग्रामभाऊ म्हणाले आणि घाईघाईनं फळी आणली. "पाहा आता. फळीले टेकलं की कसं वर जाते ते!"

भगवानरावांनी फळी हातात घेतली, उलटी करून पाहिली.

"फळी तुमच्याच घरची न? मंग तिचं काय खरं?"

 आपल्या पोटातलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळेल असं शालिग्रामभाऊंना कधी वाटलं नव्हतं.

"मी आत जाऊन पाह्यतो," भगवानराव म्हणाले. "बाहेरून सगळंच चांगलं दिसते."

आत दिव्याचं बटण कोपऱ्यात होतं, ते दाखवायला अर्पिता त्यांच्या मागोमाग गेली. "सोडा शटर!" आतून आवाज आला.

शालिग्रामभाऊंनी बटण दाबलं. शटर खाली यायला लागलं, आणखी खाली आलं, आणि जमिनीला टेकायला अगदी दोन बोटं उरली असताना मोटरनं एक उसासा टाकला, शटरनं एक आचका दिला आणि

आत

आत काय झालं ते माहीत नाही. शालिग्रामभाऊ बाहेर होते, त्यामुळं आपल्यालाही बाहेरच थांबावं लागेल.

बाहेर

खाली जाईना, वर येईना. बटण दाबलं की मोटर गुरगुरायची आणि आपोआप बंद पडायची. तिला वाटत होतं, कुणीतरी अडकलं आहे. खरं तर अडकलंच होतं.

"अवो!" सरस्वतीबाई ओरडल्या. "आमच्या यायले कोंडलं काऊन?"

"कोंडलं नाही हो, अटकलं."

"लग्न ठरायच्या आधी सासऱ्याले कोंडाची रीत हाय काय तुमच्या चिखलीत?"

"अर्पिता!" शालिग्रामभाऊ शटरच्या फटीशी ओरडले. "वरची लाल दोरी ओढ! मोटर सुटते!"

आतून 'खट्' आवाज आला. मोटर सुटली. शटर ढिम्म! खाचांत बसलेला जवसाचा पापुद्रा त्याला दोन्ही खांद्यांनी धरून होता.

कुलदीप बाह्या सारून पुढं झाला. "काका, मी उचलतो खालून."

"खबरदार!" शालिग्रामभाऊ असे ओरडले, की गल्लीतलं कुत्रं उठून गेलं. "आता मोटर सुटली हाय. एकदम खाली आलं त बोटं जातीन! शटरखाली कोनी हात घालाचा नाही!" अख्ख्या वर्षात शटरबद्दल त्यांनी बोललेलं हे एवढंच बरोबर होतं, आणि नेमकं हेच सरस्वतीबाईंना पटलं नाही. "पोरगं सोडवून राह्यलं त सोडवू बी देत नाही!"

मग नागसेनला फोन केला. तो म्हणाला, निघालोच. नागसेन 'निघालोच' म्हणाला की अजून जेवायला बसायचा असतो.

आतून भगवानरावांचा आवाज आला, "चहा झाला असन त पाठवा!"

कप फटीतून जाईना. बशी जात होती. पण हात घालायचा नाही हा नियम! म्हणून शालिग्रामभाऊंनी चहानं भरलेली बशी फटीसमोर ठेवली आणि केरसुणीच्या दांड्यानं हळूहळू आत लोटली. अर्धा चहा आत गेला, अर्धा सरस्वतीबाईंच्या चपलेखाली.

"इहीणबाई," सरस्वतीबाई पुष्पाबाईंना म्हणाल्या, "आमच्याकडं पाहुण्याले चहा केरसुणीनं नाही देत."

पुष्पाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. त्या नजरेत सगळ्या कुरडया होत्या.

पाय

आता पुढचं सगळं पायांवरून समजून घ्यायचं आहे. कारण शालिग्रामभाऊ नव्या पांढऱ्या शर्टासकट जमिनीवर पालथे पडले, गाल फरशीला टेकवला, एक डोळा मिटला आणि फटीतून पाहू लागले. आत दिवा होता. भगवानरावांच्या चपला दिसत होत्या आणि अर्पिताची पावलं.

"काय दिसते?" पुष्पाबाई कुजबुजल्या.

"पाय."

"ते त हायतच. काय करून राह्यले?"

"त्याचे पुढं आले. हिचे मागं गेले. काहीतरी टोचून इचारलं त्यानं!"

"काय?"

"पायाहून शब्द समजते काय वं!... थांब. हिचे पुढं आले. आता त्याचे मागं गेले."

"शाब्बास माही पोरगी!"

"शाब्बास काय? जोरात बोलली असन. गेलं लग्न!"

कुलदीपही शेजारी पालथा पडला. मग सरस्वतीबाईही, गुडघे धरत, "बाप्पा, काय दिवस आले," म्हणत पालथ्या पडल्या. शटरसमोर तिघं जण ओळीनं पालथे! गल्लीतून जाणाऱ्या एका म्हातारीनं चौकशी केली, कोण वारलं?

मग आत गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. पाय उचलले गेले. दार लागलं. दुसरं दार उघडलं, पाय उचलले गेले, तेही लागलं. फटीत आता नुसती फरशी!

"गाडीत बसले!" शालिग्रामभाऊ कुजबुजले. "दारं लावून! म्हंजे आपल्याले आयकू जाऊ नये असं काहीतरी हाय!"

आणि मग गाडीतून हसण्याचा आवाज आला. आधी अर्पिताचा. मग भगवानरावांचा, घोड्यासारखा. मग दोघांचा.

शालिग्रामभाऊंनी आयुष्यात पुष्कळ भयंकर आवाज ऐकले होते. पण हा! हसतेत काऊन? त्यानं ट्रकचं सांगितलं असेल. हिनं मिशीचं सांगितलं असेल. हा बाप पोटात एक ठेवतो नि ओठावर एक, असं तिनंच कबूल केलं असेल. आता तो बाहेर येईल, हात झटकेल आणि म्हणेल...

"काका," शेजारी पालथा पडलेला कुलदीप हळूच म्हणाला. त्याचा गाल फरशीवर चेपला होता, डोळ्यांत पाणी होतं. "माहे बाबा नाही म्हणाले त... मी त्यायच्या शब्दाबाहेर नाही जात. अन् मले दुसरी कोनी नाही पाह्यजे. म्हणून देव करो अन् हसणं चांगलं असो."

शालिग्रामभाऊंनी त्याच्याकडं पाहिलं. माणूस पालथा पडून, गाल चेपून खोटं बोलू शकतो का, याचा त्यांनी विचार केला. नाही बोलू शकत. पोरगा तळापर्यंत सुका होता! आणि आता पहिल्यांदाच त्यांना खरी भीती वाटली. हे लग्न मोडलं तर दोष एकट्या आपला.

शटर वर

नागसेन आला. उतरल्या उतरल्या बोलायला लागला. "मोटर गेली, भाऊ. नवी टाका लागते. म्या तवाच सांगतलं होतं, मोठी घ्या म्हणून..." तो बोलत राहिला असता. पण सरस्वतीबाई उठताना आधाराला खाचेला धरून उठल्या आणि हात चिकटला. त्यांनी बोटं नाकाशी नेली.

"अवो, हे त जवसाचं तेल हाय!"



"आमच्या बरणीच्या तोंडाले हेच असं धरते. झाकण उघडाले दोन मानसं लागतेत. शटराले जवस कोन लावते, बाप्पा?"

पुष्पाबाईंनी शालिग्रामभाऊंकडं पाहिलं. कुलदीपनं पाहिलं. नागसेननं तर इतक्या आनंदानं पाहिलं, की त्याच्या घरी पोरगा झाला असावा. शालिग्रामभाऊ आभाळाकडं पाहत होते. आभाळ स्वच्छ होतं.

घराच्या रंगकामातलं टर्पेंटाईन उरलं होतं. नागसेननं काठीला चिंध्या बांधल्या. एका खाचेत तो, एका खाचेत कुलदीप, दोघांनी घासून घासून पापुद्रा सोडवला. मग बाजूला उभं राहून, पहारीनं तोलत, शटर उचललं. करकरत, आळस देत ते वर गेलं. नागसेननं खाली दोन्हीकडं लाकडी ठोकळे दिले.

गाडीची दारं उघडली. भगवानराव खाली उतरले. हातात रिकामी बशी. चेहरा गंभीर. अर्पिता त्यांच्या मागं, मान खाली.



"पोरगी पसंत हाय," भगवानराव म्हणाले. "गाडीत बसूनच सगळं ठरवलं आम्ही. साक्षगंध डोणगावले. तुमाले काही बोलाचं असन त आता बोला."

सरस्वतीबाईंनी हात जोडले. कुलदीपनं भिंतीला धरलं. पुष्पाबाईंनी शालिग्रामभाऊंकडं डोळे वटारले. त्या डोळ्यांचा अर्थ शाळेतलं पोरही सांगेल: गप राहा!

शालिग्रामभाऊ गप राहिले. एक क्षण. पण इतका बिनकुरबुरीचा होकार? ज्याचा ट्रक परत लावला तो माणूस असा सहज हो म्हणतो? याच्या तळाला काय आहे? त्यांच्या जिभेवर मुंग्या आल्या.

"बाकी काही नाही," ते म्हणाले, "फक्त... तुमच्या मनात ते सोयाबीनचं त नाही न?"

"कोनतं सोयाबीन?"

"ते... ट्रक परत लावला होता न बाजार समितीतून. ओला म्हणून. तो म्या लावला होता."

भगवानरावांचे डोळे बारीक झाले. ते एक पाऊल पुढं आले. "म्हंजे..." ते म्हणाले, "ते तुमी होते?"

त्यांना माहीतच नव्हतं! पुष्पाबाईंनी कपाळाला हात लावला. अर्पिताच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "बाबा," ती एवढंच म्हणाली. शालिग्रामभाऊंना वाटलं, आता शटर पडलं तर बरं. आपल्यावरच पडावं.

"नाही," भगवानराव हळूहळू म्हणाले, "मी त तुमच्या आधीच्या निरीक्षकाले समजत होतो. इतकी वर्षं, सणवार नाही पाह्यला, दिवाळीच्या आंघोळीले बसलो तरी त्या बिचाऱ्याले शिव्या देत आलो!"

"अन् माल ओलाच होता," सरस्वतीबाई मागून म्हणाल्या. "म्या तवाच म्हटलं होतं, ताडपत्री टाका."

"तू गप राह्य."

भगवानराव उभ्या उभ्या विचार करू लागले. सगळे त्यांच्या तोंडाकडं पाहू लागले. शेवटी त्यांनी बशी पुष्पाबाईंच्या हातात दिली.

"कुलदीप, लग्नाची पहिली पत्रिका त्या जुन्या निरीक्षकाले. पाय धरून माफी मांगतो त्याची." मग ते जीपकडं निघाले. सरस्वतीबाई बसल्या, कुलदीप बसला. कुलदीपनं अर्पिताकडं पाहिलं, अर्पितानं जमिनीकडं. शालिग्रामभाऊंना अजूनही कळेना, ठरलं की मोडलं.

जीप सुरू झाली. भगवानरावांनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडले,

"येतो मंग, ए बह्याड इवाया!"

त्याच्या पुढंही दोन-चार शब्द होते. ते इथं लिहिण्यासारखे नाहीत.

गल्लीतल्या बायका दारात आल्या. बह्याड म्हणजे खुळा, इवाई म्हणजे व्याही, आणि व्याह्याला अशी चारचौघांत, घसा फोडून शिवी फक्त व्याहीच देऊ शकतो. परक्याची काय हिंमत! "ठरलं वाटते अर्पिताचं!" शेजारीण ओरडली. पुष्पाबाईंनी डबा उघडून साखर वाटायला घेतली. अर्पिता हसत, रडत आत पळाली. नागसेन म्हणाला, आता लग्नाच्या आधी शटर एकदा मला दाखवा.

शालिग्रामभाऊ जीप दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत उभे होते. पांढऱ्या शर्टाच्या पोटावर फरशीचा सगळा नकाशा उमटला होता. मग ते हळूच पुष्पाबाईंजवळ सरकले.

"आयकलं काय तू? शिवी... नात्याचीच होती न?"

"हाव जी. नात्याचीच."

"नक्की? सोयाबीनची नसन न?"

पुष्पाबाईंनी साखरेचा डबा खाली ठेवला आणि तीच शिवी त्यांना दिली. 'इवाया' तेवढं वगळून.